वज्यातल्या वाकड्या नेवऱ्या

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्सेत बाई बाईला भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय गो, बरी आसस मगे?" उत्तरही ठरलेलं. "बरी आसंय." विचारणारी उत्तरासाठी थांबत नाही आणि उत्तर देणारीही विचार करून बोलत नाही. मी तर अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार घ्यायचे, पोदेराकडून उंडे घेताना पिशवी बोटांत धरता येत नाही म्हणून ती मनगटात अडकवून घ्यायचे, आणि तरीही त्याला "बरी आसंय" म्हणून मोकळी व्हायचे. सकाळच्या घाईत सायकलवर पाव विकत फिरणाऱ्या माणसाला आपल्या सांध्यांचं पुराण कशाला ऐकवायचं?

सांध्यांचं पुराण म्हणजे आमवात. मी मराठी शाळेत शिकवायचे. एका पावसाळ्यात बोटांत खडू ठरेना, मग लिहायचं सोडून नुसतं तोंडानं शिकवायला लागले, आणि शेवटी मुदतीआधी निवृत्ती घेतली. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. मुलीला सांगितलं, गोळ्या लागू पडल्या आहेत, काळजी करू नको. आमच्या ह्यांना काही सांगावं लागलं नाही. ते न विचारता बरण्यांची झाकणं सैल करून ठेवू लागले. इतकी सैल, की एकदा लोणच्याची बरणी झाकणाला धरून उचलली आणि अख्खं लोणचं माझ्या पायावर आलं. माणूस चांगला असला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही, तरी मी रागावले.

डिचोलीला ज्यांचं औषध घेते त्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, "बुधवारी मागच्या खोलीत समुपदेशन असतं. तिथेही बसा."

"मी वेडी झालेली नाही," मी म्हणाले.

"वेड्यांसाठी नाहीच ते. ज्यांचं दुखणं थांबत नाही त्यांच्यासाठी आहे."

म्हणजे माझं थांबणार नाही, हे त्यांनी असं जाता जाता सांगून टाकलं. मला इतका संताप आला, की त्या संतापातच मी मागच्या खोलीत जाऊन बसले.

खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. समुपदेशन करणारी पोरगी बेळगावकडची होती, माझ्या मुलीच्या वयाची. ही मला काय शिकवणार, असं तोंड करून मी बसले असणार, कारण तिनं पहिला प्रश्न मलाच केला. "बाई, कशा आहात?"

"बरी आसंय."

सगळी खोली हसली. माझ्या शेजारी आमोण्याचे एक गृहस्थ होते. जन्मभर खाणीवरचे ट्रक हाकून त्यांच्या कमरेचं वाटोळं झालं होतं. ते म्हणाले, "ह्या खोलीत तेवढे दोन शब्द चलनत नाय, बाई. आमकां पयल्या दिवसा सगळ्यांक हसले."

त्या खोलीचे रिवाजच वेगळे. तिथे कुणी कुणाचा हात हातात घेत नसे. बाहेर माया दाखवायची म्हणजे लोक हात दाबतात, आणि ज्याचे सांधे दुखतात त्याच्या डोळ्यांतून पाणी काढतात. वर म्हणतात, बिचारीला किती भरून आलं. खोलीतली माणसं निरोप घेताना कोपराला धरायची, हलकेच. पहिल्यांदा मला कुणी तसं धरलं तेव्हा मला खरोखरच भरून आलं.

ती पोरगी फार उपदेश करत नसे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "बरा दिवस उगवला की तुम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडता, आणि मग पुढचे दिवस पडून काढता. दुखायला लागल्यावर थांबू नका. दुखायच्या आधी थांबा." ऐकायला सोपं वाटतं. पण जी बाई जन्मभर काम संपल्यावर थांबली, तिला हे जमणं म्हणजे अक्षरं पुन्हा पहिल्यापासून गिरवण्यासारखं होतं.

ह्याच वर्षी मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. पेडण्याकडचं घर, माणसं चांगली, जावई शांत. विहीणबाई मात्र मला पहिल्या दिवशीच आवडल्या नाहीत. लग्नात भेटीच्या वेळी मी रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पुढे केले, तर त्यांनी लांबूनच नमस्कार केला. माझी बोटं वाचली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं आणि अपमानही वाटला. दोन्ही एकदम.

मग मुलीचे फोन येऊ लागले. तक्रार करायचा तिचा स्वभाव नाही, पण आईला सूर कळतो. सासूबाई आदोळीवर बसत नाहीत, नारळ खवायचा तो हिनंच. फडकं पिळायचं हिनंच. चहाचं मोठं पातेलं उतरवायलाही हाक हिलाच. "आणि सांगतही नाहीत काही, आई. नुसतं माझ्यापुढे आणून ठेवतात आणि निघून जातात." मी ऐकून पेटले. सून आली आणि ह्या हात बांधून बसल्या! शेवटी ती विचारायची, "आणि तू बरी आसस मगे?" मी म्हणायचे, "बरी आसंय गो, माझी नको काळजी करू."

गणपतीची चवथ जवळ आली. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून सासरी वजें जातं. नारळ, केळी, लाडू, चकल्या, आणि डबा भरून नेवऱ्या. वजें उघडतात तेव्हा सगळं घर भोवती जमतं आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघतं. त्यातही नजर जाते ती नेवरीवर. नेवरी म्हणजे घाटावरची करंजी. पण आमच्याकडे तिच्या काठाला अंगठ्यानं दुमडत, चिमटत जी मुरड घालतात, तिच्यावरून केलेल्या बाईची परीक्षा होते. माझी मुरड आमच्या वाड्यावर नावाजलेली. इतर बायका डब्यात वरचा थर माझ्या नेवऱ्यांचा लावायच्या. असल्या सासूच्या घरात माझ्या लेकीची मान वर राहायची असेल, तर ह्या वज्यात खोट निघता कामा नये, असं मी मनाशी घेतलं होतं. आणि माझा अंगठा तर शर्टाचं बटणही लावू शकत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, शेजारणींना बोलवायचं. तिथेच तर घोडं अडलं होतं. चवथीच्या आधी आमच्या वाड्यावरच्या बायका दुपारी एकेकीच्या घरी जमतात आणि त्या घरच्या नेवऱ्या सगळ्या मिळून करून टाकतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आमंत्रण कुणी देत नाही. पण मी तुझ्याकडे मुरड घातली की तू माझ्याकडे येऊन घालायचीस, हे ठरलेलं. गेल्या वर्षी मी सर्दीचं निमित्त करून कुणाकडेच गेले नाही. मुरड जमत नाही हे चारचौघींत कसं दाखवायचं? ह्या वर्षीही गेले नाही. मग मी कुणाला कुठल्या तोंडानं बोलावणार?

शेजारच्या वहिनीनं तर वेगळाच अर्थ काढला. लग्नाच्या जेवणात ती मोठ्यानं म्हणाली होती, की भाज्यांच्या खतखत्यात तिरफळं कमी पडली. मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. आता मी तिच्याकडे नेवऱ्यांना फिरकले नाही, तेव्हा तिची खात्रीच झाली, की बाई रागावल्या आहेत. मग तीही रागावली. एका कुंपणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी कपडे वाळत घालायचो आणि एकमेकींच्या कपड्यांकडे बघायचो.

"डिचोलीच्या बाजारात चांगल्या मिळतात," हे म्हणाले.

"मुलीच्या पहिल्या वज्यात बाजारच्या नेवऱ्या घालू?" मी अशी काही ओरडले, की ते गुपचूप बागेत काजूची झाडं बघायला गेले. भर पावसाळ्यात काजूच्या झाडावर बघण्यासारखं काय असतं, देव जाणे.

मग एका सकाळी जाग आली तर हात हलके होते. खरंच हलके. मूठ वळत होती. हे काही कामाला पणजीला गेले होते. मी सारण परतलं, पीठ मळलं, आणि पाट घेऊन बसले. पहिल्या नेवरीची मुरड पडली तेव्हा मला हसूच आलं. आली की, गेलेली नाही! मग मी थांबलेच नाही. बेळगावची पोरगी आठवली, पण तिला म्हटलं, तू आज गप्प बस. अंगठा ठणकू लागला, तर दुसऱ्या बोटानं दुमडलं. तेही गेलं, तर सुरीच्या पाठीनं दाबलं. संध्याकाळी हे आले तेव्हा मी जमिनीवरच बसलेली होते, कारण उठता येत नव्हतं. बोटं उकडलेल्या रताळ्यांसारखी सुजली होती. उरलेलं पीठ सुकून गेलं होतं आणि झालेल्या नेवऱ्या काठाला उघडून सारण बाहेर आलं होतं. ह्यांनी मला काखेत हात घालून उठवलं आणि बाजाराचं नाव काढलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरीसारखी रडले.

बुधवारी खोलीत हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती बोलेल मला. ती म्हणाली, "आमच्याकडे करंजी म्हणतात. पण मला एक सांगा बाई, तुमच्या वाड्यावर नेवऱ्या एकटीनं करायची पद्धत आहे का?"

"छे. कधीच नव्हती."

"मग तुम्हीच का सुरू केलीत?"

आमोण्याचे गृहस्थ जमिनीकडे बघत हसले.

"ह्या आठवड्यात एकाच माणसाला खरं उत्तर द्यायचं," ती म्हणाली. "'बरी आसंय' सोडून दुसरं. एकाच हं. सगळ्या गावाला नको."

कुठल्या माणसाला, हे मला घरी जाताना बसमध्येच कळलं होतं. तरी दोन दिवस मी कुंपणापाशी जाऊन परत येत राहिले. तिसऱ्या दिवशी गेले. वहिनी ओसरीवर बसून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळांची जी चौकट टांगतात तिला, सुपारीचे घड बांधत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय गो, बरी आसस मगे?"

"ना," मी म्हणाले.

तिची गाठ अर्धीच राहिली.

"माझे हात चलनत नाय वहिनी. मुरड घालूंक जमना. दोन वर्सां जाली. म्हणान येवंक नाय."

तिचा चेहरा लाल झाला. "आनी ह्यां माका आता सांगतस? आनी मी हंय खतखत्यातली तिरफळां मोजीत बसलंय!"

"पण मी तुमच्याकडे येऊन करू काय? नुसती बसू?"

"बस! मुरड घालूंक आमी आसंव. तू बस आनी शाळेत वरडायचीस तशी आमच्यार वरड. जन्मभर दुसरां काय केलंस?"

दुसऱ्या दुपारी वाड्यावरच्या बायका माझ्या स्वयंपाकघरात आल्या. कुणी माझा हात दाबला नाही. वहिनीनं सगळ्यांना अंगणातच दम दिला असणार. मला चमचा दिला आणि पारीत सारण घालायचं काम दिलं. थोडा वेळ झाला की वहिनी म्हणायची, "उठ, फेरी मारून ये." ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. फक्त एवढंच सांगितलं होतं, की दुखायच्या आधी थांबायचं असतं, आणि तिनं ते माझ्यापेक्षा लवकर मनावर घेतलं. सगळ्या खिदळत होत्या. कुणाच्या नवऱ्याचं काय, कुणाच्या म्हशीचं काय. मी ओरडायचं काम चोख केलं. "ती मुरड आहे की दोरखंड?" असं एकीला म्हटल्यावर सगळ्या माझ्या जुन्या वर्गासारख्या खाली मान घालून हसल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी न राहवून दोन-तीन नेवऱ्या मीही वळल्या. वाकड्या झाल्या. मुरड कुठे जाड, कुठे गायब, एकीचा काठ तर ओठ मुडपल्यासारखा. तळल्या तेव्हा फुटल्या नाहीत, एवढंच. त्या मी घरी खायला म्हणून वेगळ्या ताटलीत काढून ठेवल्या.

वजें गेलं. संध्याकाळी ताटली बघते तर रिकामी. ह्यांनी देवाची शपथ घेतली. मी तशीच कुंपणापाशी गेले.

"त्यो मी डब्यात घातल्यो," वहिनी शांतपणे म्हणाली. "अगदी वर. आवशीच्या हातची एक पण नेवरी नाय, तर तां वजें कसलां?"

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळी चवथ माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आरतीला मातीचं घुमट वाजत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर पेडण्यातलं ते घर, उघडलेला डबा, आणि वरच्या थरावर माझ्या त्या बेढब नेवऱ्या. विहीणबाई एक उचलून धरणार, आणि लेक मान खाली घालणार. मुलीनं फोनवर "वजें पोचलं, सगळ्यांना आवडलं" एवढंच सांगितलं. जास्त विचारायचं मला धाडस झालं नाही.

विसर्जन होऊन थोडे दिवस गेले आणि एका सकाळी अंगणात गाडी थांबली. जावयाला डिचोलीला काम होतं. त्यांनी आईला आमच्या दारात सोडलं आणि ते पुढे गेले. विहीणबाई डबा परत करायला आल्या होत्या. रिकामा डबा परत करत नाहीत, तो त्यांनी आपल्या परसातल्या तवशांनी, म्हणजे मोठ्या काकड्यांनी, भरला होता, आणि हातात धरायचा सोडून काखेत बरगड्यांशी दाबून धरला होता. मी पदर सारखा केला. काय ऐकून घ्यावं लागेल त्याची मनात तयारी केली आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी डबा खाली ठेवला, पुढे आल्या, आणि मला कोपराला धरलं. हलकेच.

बाहेरच्या जगात तसं कुणी धरत नाही.

"त्यो वाकड्यो नेवऱ्यो तुमी केल्यात मगे?" त्यांनी विचारलं.

"चुकून आल्या त्या डब्यात. माफ करा. माझे हात..."

"बाकीच्यो मी सगळ्यांक वाटल्यो. त्यो तेवढ्यो लपवन ठेवल्यो आनी एकटीच खाल्ल्यो. माझ्यो पण तश्योच जातत, विहीणबाई. म्हणान मी काठार कातण फिरवतंय आनी घरात सांगतंय, ही नवी पद्धत. कोणाक कळूंक नाय अजून."

नारळ. फडकं. चहाचं पातेलं. लग्नातला लांबून केलेला नमस्कार. मी दर बुधवारी असल्याच हातांच्या माणसांत बसत होते, आणि हे हात मला दिसले नव्हते. ह्या बाईला मी आळशी ठरवलं, गर्विष्ठ ठरवलं, माझ्या लेकीची वैरीण ठरवलं. मला त्यांची इतकी माया आली, की मी त्यांना मिठीच मारली असती. पण मिठीनं खांदे दुखतात.

चहा घेताना त्या म्हणाल्या, "सुनेक सांगू नकात हां. नवी सून. घरात येताच म्हटलां, माका जायना, तर काय म्हणतली ती?"

"आता काय म्हणते ते सांगू?" माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. "तिला वाटतं, सासू हात बांधून बसलीय."

त्या दचकल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "पण तुम्ही सांगा. आणि बुधवारी डिचोलीला या. तिथे एक पोरगी आहे बेळगावकडची. तिला आधी 'बरी आसंय' म्हणून घ्या, म्हणजे सगळ्यांना एकदाचं हसता येईल."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. नेहमीच्या वेळेच्या आधी.

"आई, आज सासूबाईंनी माझ्यापुढे नारळ ठेवला आणि गेल्या नाहीत. तिथेच बसल्या. म्हणाल्या, माझ्यानं होत नाही गो, किती वर्षं झाली."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. खवला. त्या बसून होत्या. आम्ही खूप वेळ बोलत होतो."

बरं झालं, असं मी म्हणणार होते. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आई, वज्यातल्या त्या वरच्या नेवऱ्या... त्या तुझ्या होत्या ना? मला वाटलं, शेजारच्या कुणा पोरीनं केल्या." तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "आई, तू कशी आसस गो?"

"बरी" हा शब्द सवयीनं तोंडापर्यंत आलाच होता.

"दुखतंय गो बाय," मी म्हणाले. "खूप दुखतंय."

"हां," ती म्हणाली. "आता सांग."